आई किंवा वडील

आमचं घर म्हणजे जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या एका मिलच्या फाटकाला चिकटलेल्या दोन खोल्या. बाबा त्या मिलचे वॉचमन, म्हणून खोल्या मिलनंच दिलेल्या. भिंतीच्या पलीकडं भट्टी होती. तापून लालभडक झालेलं लोखंड रोलरमधून जायला लागलं की असा खणखणाट उठायचा, की घरी आलेला पाहुणा बोलता बोलता थांबायचा. आम्ही थांबत नव्हतो. आम्ही त्या आवाजाच्या वर आवाज चढवून बोलायला शिकलो. आजही माझ्या दवाखान्यात गाय-म्हैस घेऊन कोणी आलं की मी इतक्या मोठ्यानं विचारते, की जनावराच्या आधी मालकच दचकतो. लोखंडाची बारीक काळी धूळ सगळीकडं बसायची, उशीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, देवाच्या फोटोच्या काचेवर. ज्वारीच्या पिठाच्या डब्याला आई आतून फडकं बांधायची आणि वरून झाकण लावायची, तरी पहिल्या भाकरीला दातांखाली कचकन लागायचंच.

आई बियाण्याच्या कंपनीत कामाला होती. कपाशीच्या बियाण्याला लावायचं औषध गुलाबी रंगाचं असतं. संध्याकाळी घरी आली की ती आधी नळाखाली कोपरापर्यंत हात घासायची, मग परत घासायची, आणि त्यानंतरच परातीला हात लावायची. तरी नखांच्या कडा गुलाबी राहायच्याच. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींना वाटायचं, सरूची आई कायम मेंदी लावते. तिच्या हातची येसराची आमटी आणि भाकरी हे आमचं रोजचं जेवण. पण त्याच चुलीवर बाबांचंही एक भांडं चढायचं. हिवाळ्यात ते मुळ्याचा पाला आंबवून पत्र्यावर वाळत घालायचे आणि वर्षभर त्याचं आंबट पाणीदार कालवण करायचे. त्याला ते गुन्द्रुक म्हणत. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आई नाकाला पदर लावायची म्हणे. मला आठवतं तेव्हापासून मात्र, पाऊस लागला की तीच विचारायची, "सरूचे बाबा, पाला संपला काय हो?"

बाबा नेपाळातले, जाजरकोटकडचे. सोळाव्या वर्षी गाव सोडून आले ते फिरत फिरत जालन्यात टिकले. मिलमध्ये त्यांना सगळे बहादूर म्हणत. त्यांचं पूर्ण नाव नरबहादूर थापा आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. त्यांची मराठी आमच्यासारखीच होती, फक्त मध्येच एखाद्या शब्दाची ते पुरुषाची बाई करत. मला हाक मारायचे 'नानी'. त्यांच्याकडं लहान पोरीला नानी म्हणतात. माझ्या मैत्रिणी त्यावर हसायच्या.

आई वाटूरची. शेतकऱ्याच्या घरची, बऱ्यापैकी जमीन असलेल्या. जालन्यात मावशीकडं राहून ती बियाण्याच्या कामाला लागली, तिथल्या फाटकावर तेव्हा बाबा उभे असायचे, आणि दोघांनी लग्न केलं. वाटूरला कळलं त्या दिवसापासून तिचं माहेर तुटलं. माझे आजोबा, म्हणजे अण्णा, वारले तेव्हाही कोणी निरोप धाडला नाही. मिलमध्ये माल घेऊन येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं सहज सांगितलं, "वाटूरचे किसनराव ढवळे गेले न्हाई का, आज तेरावा झाला त्यांचा." आई तेव्हा भाकरी थापत होती. तिनं ती भाकरी पूर्ण केली, तव्यावर टाकली, आणि मग मागच्या खोलीत गेली. मी लहान होते, पण ती भाकरी करपली ते मला आठवतं.

मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. मिलच्या आवारातल्या एका कुत्रीचा पाय तापलेल्या लोखंडावर पडून भाजला होता. बाबांनी आणि मी मिळून तो महिनाभर धुतला, मलम लावलं, आणि ती तीन पायांवर का होईना पळायला लागली. तेवढंच कारण. बारावीला मी झटून अभ्यास केला आणि पशुवैद्यकीयच्या सरकारी कॉलेजच्या यादीत माझा नंबर लागला. यादी नेटकॅफेत पाहिली. तिथला पोरगा म्हणाला, "ताई, प्रिंट काढू का?" मी म्हणाले, "दोन काढ." एक बाबांनी घडी करून गणवेशाच्या खिशात ठेवली आणि फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला दाखवली.

कागद तपासायच्या दिवशी मी आणि बाबा पहाटेच्या बसनं कॉलेजच्या गावी गेलो. टेबलामागं एक वयस्कर कारकून बसले होते, शांत माणूस. त्यांनी एकेक कागद उलटला, टिक केली, आणि एका रकान्यावर त्यांचं पेन थांबलं. वडिलांचं जन्मस्थान. तिथं मी माझ्या चांगल्या अक्षरात नेपाळ असं लिहिलं होतं.

"वडिलांनी इथलं नागरिकत्व घेतलंय का?"

मी बाबांकडं पाहिलं. बाबा म्हणाले, "नाही साहेब. मी नेपाळचाच आहे. खोटं कशाला बोलू."

"मग ही परदेशी विद्यार्थिनी धरली जाईल. त्यांचा कोटा वेगळा, फी वेगळी." त्यांनी एक छापील कागद माझ्यापुढं सरकवला. राज्यातल्या मुलांची फी एका ओळीत होती, परदेशी मुलांची त्याच्या खालच्या ओळीत. खालची वरच्यापेक्षा पाचपट होती.

"सर, मी जालन्याची आहे. माझा जन्म जालन्याचा आहे. पहिलीपासून तिथंच शिकले."

"बोलण्यावरून कळतंय की ते," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. "पण बोलण्यावर फी ठरत नाही, बाळ. तहसीलमधून राष्ट्रीयत्वाचा आणि अधिवासाचा दाखला आण. आठ दिवस आहेत. दाखला आणलास तर राज्याची फी. नाहीतर परदेशी म्हणून भर, किंवा जागा खालच्या नंबराला जाईल."

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीकडं तोंड करून बसले. शहागडचा पूल नाही, गोदावरी नाही, कुठलीच हद्द आम्ही ओलांडत नव्हतो. तरी मला पहिल्यांदाच वाटलं की आपण कुठून तरी कुठं तरी चाललो आहोत आणि मधे कोणी उतरवून देईल. अठरा वर्षं ज्या-त्या फॉर्मवर मी 'भारतीय' लिहीत आले होते. शाळेत कोणी विचारलं नव्हतं. मलाही कधी कोणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली आणि बाबा मला घेऊन कचेरीत गेले. दाराबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात, त्यातल्या एकानं आमचं सगळं ऐकून घेतलं. "बापाच्या नावावर तर हे व्हायचं न्हाई," तो म्हणाला. "एक रस्ता हाय. वडील वारले असं दाखवायचं. मंग आईवरून बराबर निघतं. तेवढा खर्चा करावा लागंल." मी उठले. बाबा उठले नाहीत. त्यांनी खाली बघत विचारलं, "किती दिवस लागतील?"

त्या संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलं. मिलची पाळी बदलत होती, भोंगा वाजत होता, म्हणून त्यांना ते वाक्य दोनदा बोलावं लागलं. "लिहून देऊ, की बाप मेला. कागदावर मेल्यानं माणूस मरत नाही. नानीचं शिक्षण होईल. मी इथंच फाटकावर आहे."

आईनं तवा खाली उतरवला. "माझ्या बापाच्या घरी मला जिती असून मेली म्हणून ठरवलं," ती म्हणाली. "ते कसं असतं ते मला ठावं हाय. आता म्या तुम्हाला तसं करू? माझ्या हातानं?"

"कौसा, फी—"

"फी गेली खड्ड्यात! पोरगी कॉलेजात जाईल तर बापाचं नाव घेऊन जाईल, न्हाईतर बियाणं निवडायला माझ्याबरोबर येईल."

मी मधे बसले होते. मला दोघांचाही राग आला होता, हे आज लिहायला लाज वाटत नाही. अठरा वर्षांच्या पोरीला यादीतला आपला नंबर दिसत असतो. बाबांनी मरायची तयारी दाखवली आणि आईनं मला बियाण्याला बसवायची. माझ्या जागेचं काय करायचं हे कोणीच बोलत नव्हतं. त्या दिवशी भाकरी झाली पण कोणी जेवलं नाही.

सकाळी आईनं कामावर खाडा केला, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चल. बाहेरच्या माणसाला काय विचारायचं? आत जाऊ." आतल्या कारकुनानंही वडिलांचाच दाखला मागितला. आई जागची हलली नाही. "मला साहेबांना भेटायचंय." साहेब म्हणजे नायब तहसीलदार बाई होत्या, चष्मा लावलेल्या, सारख्या फाइलीत डोकं घातलेल्या.

"मुलीचा जन्म कुठला?"

"हितलाच, सरकारी दवाखान्यातला," आई म्हणाली.

"आणि तुमचा?"

"वाटूरचा."

"मग अडचण काय आहे?"

"वडील नेपाळी आहेत, मॅडम," मागून कारकून म्हणाला.

बाईंनी उठून कपाटातून एक पुस्तक काढलं. पानं उलटली, वाचलं, माझ्या जन्माची तारीख पुन्हा पाहिली. "हिचा जन्म झाला तेव्हाच्या कायद्यात आई किंवा वडील असं आहे," त्या कारकुनाला म्हणाल्या. "आई आणि वडील असं नाही. दोघांपैकी एक भारतीय असलं तर पुरे." मग आईकडं वळून म्हणाल्या, "पण तुम्ही वाटूरच्या हे कागदावर दाखवावं लागेल. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावाचं आहे, त्यावर तुमचा जन्म ठरत नाही. शाळेच्या रजिस्टरचा उतारा आणा. त्यात माहेरचं नाव असेल. मग ती मुलगी म्हणजे तुम्हीच, असं सख्ख्या नात्यातल्या कोणी तरी शपथेवर लिहून द्यायला पाहिजे. भाऊ आहे का?"

आईनं टेबलावरचं रेशनकार्ड उचलून पिशवीत ठेवलं. "हाय," ती म्हणाली.

वाटूर फाट्यावर एसटीतून उतरल्यावर आईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. एकोणीस वर्षांनी ती त्या रस्त्यानं चालत होती. वाटेत तिनं मला काही दाखवलं नाही, हे अमुक, ते तमुक असं काही नाही. शाळेत मुख्याध्यापकांनी दाखल-खारीजचं जुनं रजिस्टर काढलं, त्याच्या पानांना वाळवीनं भोकं पाडली होती. अर्ध्या तासानं नोंद सापडली. कौशल्या किसन ढवळे, इयत्ता पाचवी. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात लिहिलं होतं, घरकाम. आईनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते मास्तर उतारा लिहून होईपर्यंत उचललं नाही.

मामाचं घर आता सिमेंटचं झालं होतं. मामी दारात आली, तिनं आईला ओळखलं नाही. "मी कौशी," आई म्हणाली. मामीचा हात तोंडावर गेला. तिनं पाणी आणलं, पण बसा म्हणाली नाही. म्हणायचं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं. थोड्या वेळानं दिगंबरमामा शेतातून आला. उंच, अंगानं आडवा, आणि नाक अगदी आईसारखं. एवढं सारखं, की मला त्याची भीती वाटायची राहिली.

आईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पोरीचा नंबर लागलाय, फी पाचपट मागून राह्यले, आता चार दिवस उरले, तुझी एक सही पाहिजे.

मामा खाटेवर बसला. "सही देतो," तो म्हणाला, "आन् उद्या त्याच सहीवर तू जमीन मागशील."

"मी जमिनीचं बोलले का दादा?"

"आज न्हाई बोलली. अण्णा गेल्यावर वारसाला नावं लावली, तव्हा तलाठ्याला म्या सांगितलं, मला बहीण न्हाई म्हणून. आता बहीण हाय म्हणून शपथेवर लिहू? मंग मीच खोटा न्हाई का ठरत?"

मला वाटलं आता आई ओरडेल. मिलच्या भट्टीवर आवाज चढवणारी बाई ती. पण ती एवढंच म्हणाली, "मला न्हाई म्हणून सांगितलं?"

मामा तिच्याकडं न बघता बोलत राहिला. परतूरला जाऊ, रजिस्ट्रारकडं. आधी तू हक्कसोड लिहून दे, की बापाच्या जमिनीत मला हिस्सा नको. ते झालं की तिथंच मी बहिणीच्या कागदावर सही करतो. एका हातानं घे, एका हातानं दे. मामी दारात उभी राहून पदराचं टोक पिळत होती.

आईनं विचारलं, "दादा, शेवटी अण्णांनी माझं नाव घेतलं होतं का?"

मामानं खाटेची सैल झालेली दोरी ओढून बांधली. "घेतलं होतं," मामा म्हणाला. "दोनदा."

"मंग चल परतूरला," आई म्हणाली.

परतूरला जाताना मी तिच्याशी भांडले. हे चूक आहे म्हणाले, तुझा हक्क आहे म्हणाले, नको मला कॉलेज म्हणाले. शेवटचं तर मनापासून म्हणाले नव्हते, आणि तिलाही ते कळलं असणार. "जमीन माझ्या हातात कवा होती ग?" ती म्हणाली. "जे आलंच न्हाई ते सोडायला काय जातंय?" पुढं कितीतरी वर्षांनी, भाकरीचं पीठ मळता मळता, तिनं मला प्रत्येक तुकडा नावानं सांगितला. विहिरीकडचं, लिंबाखालचं, नाल्याच्या कडंचं पाणथळ चिबडं, जिथं अण्णा हरभरा करायचे. तिला बांधाच्या कडेची झाडंसुद्धा पाठ होती. त्या दिवशी ती माझ्याशी खोटं बोलली होती.

रजिस्ट्रार साहेबांनी आईला विचारलं, "कोणाच्या दबावाखाली लिहून देत नाही ना?"

"न्हाई साहेब. माझ्या खुशीनं."

तिनं सही केली. सही म्हणजे चौथीच्या पोरीसारखी अक्षरं, एकेक सुटं. त्यानंतर मामाच्या सहीच्या कागदाची पाळी आली, तो नियमाप्रमाणं मोठ्यानं वाचून दाखवला गेला. 'कौसाबाई नरबहादूर थापा ही माझी सख्खी बहीण असून, तिचे माहेरचे नाव कौशल्या किसन ढवळे असे आहे.' मामानं पेन घेतलं. त्याचा हात थोडा वेळ कागदाच्या वर तसाच राहिला, आणि मला वाटलं, आता हा उठतो. तो उठला नाही. बाहेर आल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "काय शिकायचंय?"

"जनावरांची डॉक्टर."

"हां," तो म्हणाला, आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला. त्याचा मला राग येतो का, असं माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं. येतो. पण त्यानं ते 'दोनदा' खरं सांगितलं. न सांगता गेला असता तरी त्याचं काही अडलं नव्हतं.

कागद जालन्याच्या कचेरीत दिले तेव्हा तीन दिवस उरले होते. पहिल्या दिवशी बाई बैठकीला गेलेल्या. दुसऱ्या दिवशी बाबा कचेरी उघडायच्या आधी फाटकावर जाऊन उभे राहिले, ज्या माणसाचं आयुष्य फाटकावर गेलं तो दुसऱ्याच्या फाटकावर. दुपारी दाखला टाइप झाला, त्यात माझं नाव चुकलं, परत टाइप झाला. संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या बेताला सही झाली. बाईंनी दाखला माझ्या हातात देताना नुसतं, "नीट ठेव," म्हटलं.

शेवटच्या दिवशी आई कामावर गेली. तिचे आधीच खूप खाडे झाले होते. मी आणि बाबा कॉलेजला गेलो. बाबा फाटकाच्या आत यायला तयार होईनात. "तू जा नानी. मला बघितलं की त्यांना परत आठवेल." मी एकटी आत गेले. तेच कारकून होते. त्यांनी दाखला दोनदा वाचला, उलटा करून शिक्का पाहिला. मग त्यांनी परदेशीचा फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला आणि राज्याचा काढला. फी भरली, पावती मिळाली. मी उठणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. पालकांची सही लागते. कोण आलंय बरोबर?"

आता सगळं परत उसवणार असं मला वाटलं.

"वडील आलेत ना? बोलाव की मग."

मी फाटकापर्यंत पळत गेले. बाबा केस हातानं नीट करत, टोपी काढून, आत आले. कारकुनांनी खुर्ची दाखवली. त्यांनी पालक या शब्दासमोर बोट ठेवलं आणि बाबांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, नरबहादूर थापा.

"मराठीत करता सही?" कारकून म्हणाले.

"नेपाळी आहे साहेब," बाबा म्हणाले. "अक्षरं तीच आहेत."

कारकुनांनी सहीकडं पाहिलं, मग बाबांकडं, आणि तिच्यावर कॉलेजचा गोल शिक्का मारला.

बाहेर येऊन मी बाबांच्या मोबाइलवरून आईच्या सुपरवायझरला फोन लावला. मागं मशिनींचा आवाज येत होता. आईनं आधी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, झालं, राज्याची फी लागली. मग तिनं विचारलं, "पालक म्हणून सही कोणी केली?"

"बाबांनी."

"त्यांच्याच नावानं?"

"त्यांच्याच."

"बरं," आई म्हणाली. "ठेवते आता. काम चालू हाय."